दोन खुर्च्या मांडून भागीदारी होत नाही

प्रश्न थोडक्यात असा: "ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींना दवाखान्यात कसे अनुभव येतात, यावरचा आमचा तीन वर्षांचा प्रकल्प मंजूर झाला आहे. या व्यक्तींना संशोधनात भागीदार करून घ्या, अशी निधी देणाऱ्यांची अट आहे. प्रस्ताव झाला, प्रश्नावलीही तयार आहे. सल्लागार समितीवर अशा दोघांना घ्यावं असं मनात आहे. एकाला वाचता येत नाही, दुसरी बोलत नाही. संमती कोणाची घ्यायची? आणि त्यांना सामील केल्यानं संशोधनाच्या विश्वासार्हतेला बाधा येईल का?"

तुमच्या प्रश्नात ‘प्रश्नावलीही तयार आहे’ हे वाक्य सहज येऊन गेलं आहे. पाणी मुरतंय ते तिथेच. काय विचारायचं, कोणाला विचारायचं, उत्तरं कशी मोजायची हे सगळं ठरून गेल्यावर त्या दोघांनी समितीत येऊन करायचं काय? माना डोलवायच्या. आणि ते डोलावतीलही, कारण आयुष्यभर त्यांना तेच शिकवलेलं असतं. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. माझ्या पहिल्या दोन प्रकल्पांत मी नेमकं हेच केलं होतं, आणि अहवालात ‘सहभागी पद्धत’ असं लिहून मोकळीही झाले होते.

यातून मागे फिरता येतं. तयार प्रश्नावलीला कच्चा मसुदा म्हणा आणि पहिले सहा महिने ती पुन्हा बसवण्यात जातील, असं निधी देणाऱ्यांना आत्ताच कळवा. अट त्यांनीच घातली आहे, तेव्हा सहसा हरकत घेत नाहीत. संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीकडे दुरुस्ती पाठवावी लागेल, ते काम कंटाळवाणं आहे पण होतं.

शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. विषय शहरांच्या नियोजनाचा होता, पण आमच्या क्षेत्राला ती चपखल बसते. भागीदारी त्या शिडीत सहाव्या पायरीवर येते. पाचवी पायरी आहे समजूत काढण्याची: निवडक दोन-चार जणांना समितीवर बसवायचं, त्यांचं ऐकायचं आणि निर्णय मात्र आपल्याच हातात ठेवायचे. तुमचा आजचा बेत पाचव्या पायरीवरचा आहे. पाचवी आणि सहावी यांत अंतर एकाच पायरीचं दिसतं, पण सत्ता नेमकी तिथेच हात बदलते.

आधी एक फरक स्वच्छ करून घेऊ, कारण पुढचे अर्धे घोळ त्यातूनच होतात. ज्याच्याकडून आपण माहिती घेतो तो संशोधनातला सहभागी. ज्याच्याबरोबर बसून आपण ठरवतो तो भागीदार, सहसंशोधक. सहभागी व्यक्तीला संरक्षण लागतं, भागीदाराला अधिकार लागतो. एकच माणूस एकाच प्रकल्पात दोन्ही होऊ शकतो, पण एकाच वेळी नाही. बैठकीत सहसंशोधक म्हणून बोलताना कोणी स्वतःचा दवाखान्यातला अनुभव सांगितला, तर तो परवानगीशिवाय ‘डेटा’ म्हणून उचलायचा नाही. ही चूक फार सहज होते. माणूस समोर मोकळेपणानं बोलत असतो आणि आपला हात आपसूक वहीकडे जातो.

आता तुमचा विश्वासार्हतेचा प्रश्न. त्याचं उत्तर इतिहासातून सुरू करावं लागेल, कारण या लोकांना निर्णयातून वगळून झालेलं संशोधन किती ‘विश्वासार्ह’ होतं ते तिथे दिसतं. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५ ते १९५५ या काळात बौद्धिक अक्षमता असलेल्या रहिवाशांवर दात किडण्याचे प्रयोग झाले. दातांना चिकटून राहील अशी टॉफी त्यांना मुद्दाम खायला देत आणि दात किडताना पाहत. साखर आणि किडलेले दात यांचा संबंध जगाला ठामपणे कळला, तो या दातांवरून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड स्कूल या तशाच निवासी संस्थेत १९४६ ते १९५३ दरम्यान मुलांना विज्ञान मंडळात घेतो असं सांगून किरणोत्सारी लोह आणि कॅल्शियम असलेला नाश्ता दिला गेला. पालकांना पाठवलेल्या पत्रांत किरणोत्साराचा उल्लेखच नव्हता. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या विलोब्रूक संस्थेत १९५६ पासून दीड दशकाच्या आसपास मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची लागण करण्यात आली. माणसांवरच्या प्रयोगांत ऐच्छिक संमतीला पहिलं स्थान देणारी न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची. म्हणजे संहिता छापून झालेली होती, आणि हे प्रयोग बिनघोर चालू होते.

या प्रकरणांना वाचा फुटल्यावर लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. ‘ही माणसं दुर्बळ, यांना संशोधनापासून लांबच ठेवा’ अशी भूमिका समित्यांनी घेतली. परिणाम असा की औषधांच्या चाचण्यांत, आरोग्याच्या पाहण्यांत ही माणसं मोजलीच जात नाहीत आणि त्यांच्यावरचे उपचार इतरांवरून अंदाज बांधून केले जातात. मला विचाराल तर आधीचा छळ आणि नंतरचं अतिसंरक्षण यांचं मूळ एकच आहे. दोन्ही वेळा ठरवलं दुसऱ्यानंच.

बदल बाहेरून आला. १९७४ मध्ये ओरेगनमध्ये ‘पीपल फर्स्ट’ या नावानं बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींचा स्वतःचा मेळावा भरला. आम्ही आधी माणूस आहोत, हे त्यांचं म्हणणं नावातच होतं. त्या चळवळीची धग संशोधनापर्यंत पोचायला बराच काळ गेला. जॅन वॉल्मस्ली आणि केली जॉन्सन यांनी २००३ च्या त्यांच्या पुस्तकात ‘समावेशक संशोधना’च्या कसोट्या मांडल्या: संशोधनाचा प्रश्न या व्यक्तींना आपला वाटला पाहिजे, मग तो सुचला कोणालाही असो. त्यातून त्यांचं हित साधलं पाहिजे. काम मिळून झालं पाहिजे. प्रक्रियेवर आणि निष्पत्तीवर त्यांचं काही नियंत्रण पाहिजे. आणि प्रश्न, प्रक्रिया, अहवाल तिन्ही त्यांना समजतील असे पाहिजेत. यातली ‘काही नियंत्रण’ ही अट मला सगळ्यात प्रामाणिक वाटते. सगळं नियंत्रण कोणालाच नसतं, निधी घेतलेल्या प्राध्यापकालाही नसतं.

हे झालं तत्त्व. प्रत्यक्षात काय बदलतं ते सांगते, कारण तुमच्यासारखाच एक प्रकल्प आम्ही केला होता.

आमच्या मसुद्यात पहिला प्रश्न होता, ‘डॉक्टरांच्या वागणुकीबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ पुढे पाच पर्याय. ऑटिझम असलेले आमचे एक सहसंशोधक म्हणाले, "कुठल्या डॉक्टरांच्या? कुठल्या दिवसाच्या?" आम्ही म्हटलं, साधारणपणे. ते म्हणाले, "साधारणपणे असा दिवस माझ्याकडे नाही." ‘गेल्या महिन्याभरात’ या शब्दांवर असाच अर्धा तास गेला: मागचा कॅलेंडरातला महिना, की आजपासून मागे तीस दिवस? आम्हाला तेव्हा हे शब्दांचा कीस काढणं वाटलं होतं. मग आम्ही तोच प्रश्न आमच्याच विभागातल्या सहा जणांना विचारला. अर्थ दोन निघाले. म्हणजे प्रश्न आधीपासूनच सदोष होता, तो दाखवणारा माणूस आत्ता भेटला होता.

त्याहून मोठी गोष्ट वेगळीच घडली. डाऊन सिंड्रोम असलेल्या आमच्या सहकारी सगळी प्रश्नावली ऐकून घेऊन म्हणाल्या, "यात बाहेर बसायचं कुठे आहे?" आमची प्रश्नावली डॉक्टरांच्या दारापासून सुरू होत होती. त्यांच्यासाठी दवाखाना म्हणजे मुख्यतः बाहेरचा बाक होता: किती वेळ ते माहीत नाही, दिवे टोचतात, कोणीतरी अचानक नाव पुकारतं आणि ते आपलं होतं की नाही कळत नाही. शेवटी आमच्या निष्कर्षांतला सगळ्यात उपयोगी भाग प्रतीक्षेबद्दलचाच निघाला. तो आमच्यापैकी कोणाला सुचला नव्हता, आणि आधीच्या संशोधनाचा आढावा मी स्वतः चार महिने घेतला होता!

अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आस्पायर’ या संशोधन-गटाचा अनुभव या बाबतीत वाचण्यासारखा आहे. डॉक्टर-संशोधक क्रिस्टिना निकोलायडिस आणि स्वतः ऑटिस्टिक असलेल्या संशोधक डोरा रेमेकर यांनी तो उभा केला. रूढ मोजपट्ट्या जशाच्या तशा न वापरता त्यांनी प्रत्येक प्रश्न ऑटिस्टिक सहकाऱ्यांबरोबर तपासला. संदिग्ध शब्द बदलले, अवघड शब्दांचे अर्थ तिथल्या तिथे दिले, पर्यायांना चित्रांची जोड दिली. मोजमाप बिघडेल ही भीती आपल्याला सगळ्यांनाच असते. पण उत्तर देणाऱ्याला जो प्रश्न कळलाच नाही, त्याच्या उत्तराची सरासरी काढून तुमच्या हाती काय लागणार?

आता ‘हो’ या शब्दाबद्दल, जो मला या कामात सगळ्यात जास्त छळतो.

कॅरोल सिगेलमन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवलं की बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना हो-नाही प्रकारचे प्रश्न विचारले, तर एकमेकांच्या विरुद्ध अशा दोन्ही प्रश्नांना बरेच जण ‘हो’ म्हणतात. त्यावरून अनेकांनी सोयीस्कर निष्कर्ष काढला की या लोकांचं बोलणं भरवशाचं नाही. पुढे १९९६ मध्ये मार्क रॅप्ली आणि चार्ल्स अँटाकी यांनी अशा मुलाखतींचं बोलणं ओळीओळीनं तपासलं, आणि चित्र वेगळं दिसलं. मुलाखतकार एकदा उत्तर मिळाल्यावर तोच प्रश्न पुन्हा, थोडा फिरवून विचारत होता. समोरच्याला वाटायचं की आपलं पहिलं उत्तर चुकलं, म्हणून तो बदलायचा. शाळेत शिक्षकांनी ‘नक्की का?’ असं विचारल्यावर आपण काय करायचो ते आठवा.

माझी स्वतःची फजिती सांगते. आमच्या गटातल्या एक बाई चार महिने प्रत्येक प्रस्तावाला ‘हो, छान’ म्हणत होत्या. आम्ही खूश. मग एकदा बैठक संपल्यावर आवराआवर चालू असताना त्यांनी मला हळूच विचारलं, "नाही म्हटलं तर मला काढणार का?" त्यांच्या आधीच्या आयुष्यात, एका निवासी संस्थेत, नाही म्हणण्याची किंमत त्यांनी मोजलेली होती. आम्ही कितीही गोड बोललो असतो तरी ती भीती जाणार नव्हती. पुढच्या बैठकीपासून आम्ही एक गंमत सुरू केली. सुरुवातीला कोणीतरी मुद्दाम एक खुळचट सूचना मांडायची आणि ती सगळ्यांनी मिळून नाकारायची. ‘बैठक रात्री दोनला घेऊ या का?’ अशी. पोरखेळ वाटेल, पण ‘नाही’ हा शब्द खोलीत एकदा मोठ्यानं उच्चारला गेला की पुढे तो उच्चारायला सोपा जातो. दीड महिन्यानं त्या बाईंनी माझी एक लाडकी सूचना धुडकावली. मला राग आला होता, हेही सांगून टाकते.

तेव्हापासून इतिवृत्तात मी एक रकाना ठेवते: सहसंशोधकांच्या म्हणण्यानं आज काय बदललं. सलग तीन बैठका तो रकाना रिकामा राहिला तर माझं काहीतरी चुकतंय असं मी धरते. तुम्हीही ठेवा. समितीची रचना, करारनामा, बोधचिन्ह यांच्यापेक्षा तो रकाना खरं सांगतो.

प्रश्न विचारण्याच्या युक्त्या थोडक्यात. हो-नाही टाळा. ‘हे की ते’ असा प्रश्न असेल तर शेवटचा पर्याय उचलण्याकडे कल असतो, म्हणून क्रम बदलून पाहा आणि चित्रं जोडा. ‘माहीत नाही’, ‘हा प्रश्न नको’ आणि ‘थांबा’ अशी तीन कार्डं प्रत्येकापुढे ठेवा, आणि ती वापरायची आधी सवय करून घ्या. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. हे शेवटचं सगळ्यात अवघड. आम्हा शिकलेल्यांना शांतता सोसत नाही.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कागद सोप्या भाषेत बनवायचे: एका वाक्यात एकच गोष्ट, ओळख असलेले शब्द, मोठा टंक, प्रत्येक मुद्द्याशेजारी अर्थ सांगणारं चित्र. युरोपात यासाठी ठरवलेल्या नियमांत टंक किमान १४ चा असावा असं म्हटलं आहे. पण नुसता कागद पुरत नाही. बैठकीच्या आठवडाभर आधी कोणीतरी त्यांच्याबरोबर बसून कार्यक्रमपत्रिका वाचून दाखवावी, काय विचारलं जाणार ते सांगावं, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. बैठकीतच पहिल्यांदा ऐकून तिथेच मत द्या, ही अपेक्षा विभागप्रमुखांकडूनही पुरी होत नाही. माझ्या बैठका पाऊण तासाच्या असतात, मग विश्रांती, मग आणखी पाऊण तास. एका बैठकीत निर्णय दोनच.

बोलत नसलेल्या तुमच्या सहकारी कशा संवाद साधतात, ते त्यांनाच आणि त्यांच्या जवळच्या माणसांना आधी विचारा. चित्रफलक, आवाज देणारं यंत्र, नजरेनं चालणारा पडदा, ‘टॉकिंग मॅट्स’सारखी चित्रं मांडून मत सांगायची पद्धत, नाही तर केवळ चेहरा आणि हात. त्या ज्या मार्गानं ‘नको’ म्हणतात तो खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे. फलकावर प्रकल्पाचे शब्दही घाला. ‘संशोधन’, ‘चूक’, ‘बदला’, ‘मला पटत नाही’ हे शब्दच फलकावर नसतील तर मत देणार कसं?

इथे एक धोक्याची खूण लावून ठेवते. दुसऱ्या माणसानं हात किंवा कोपर धरून टंकलेखन करवून घ्यायची ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ नावाची पद्धत आहे. १९९० च्या दशकातल्या नियंत्रित चाचण्यांत वारंवार दिसलं की उत्तर मदतनिसाला जे दिसलं त्याप्रमाणे येतं, त्या व्यक्तीला जे दिसलं त्याप्रमाणे नाही. मदतनीस लबाड नसतात. आपण लिहितोय हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात येत नाही. त्या पद्धतीवर भागीदारी उभी करू नका. स्वतःच्या बोटानं, नजरेनं, यंत्रानं व्यक्त होणारी माणसं आणि हे प्रकरण यांची गल्लत मात्र होऊ देऊ नका. तीही होते, आणि मग अस्सल बोलणाऱ्यावरही संशय घेतला जातो.

सोबतच्या आधारव्यक्तीचा विषय इथेच घेते. ती शक्यतो आई-वडील किंवा संस्थेतले कर्मचारी नसावेत, सहसंशोधकानं स्वतः निवडलेली असावी. समोर बसू नये, शेजारी बसावं. तिचं काम समजावणं, आठवण करून देणं, वेळ मागून घेणं. तिला स्वतःचं मत असेल तर ते ‘माझं मत’ म्हणून वेगळं सांगावं आणि इतिवृत्तातही वेगळं लिहावं. हे सगळं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. नंतर टोकणं जड जातं, विशेषतः ती आई असेल तर. आईनं तीस वर्षं या माणसाच्या वतीनं बोलूनच त्याला वाचवलेलं असतं. तिला गप्प बसा म्हणणं सोपंही नाही आणि न्यायाचंही नाही. आम्ही पालकांसाठी वेगळी बैठक ठेवतो. त्यांना सांगायचं असतं पुष्कळ, पण ते त्यांचं स्वतःचं असतं.

संमतीबद्दल. सहसंशोधकांशी तुम्ही कामाचा करार करता: काम काय, वेळ किती, मानधन किती, सोडून जायचं असेल तर कसं. संशोधनातली संमती लागते ती माहिती देणाऱ्या सहभागी व्यक्तींची. तिथे मूळ धरावं संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारनाम्याला, जो २००६ मध्ये स्वीकारला गेला. त्याचं १२ वं कलम सांगतं की कायद्यापुढे या व्यक्ती इतरांइतक्याच पूर्ण आहेत आणि निर्णय घ्यायला लागणारा आधार त्यांना मिळाला पाहिजे. १५ वं कलम सांगतं की मोकळ्या संमतीशिवाय कोणावरही वैद्यकीय वा शास्त्रीय प्रयोग होता कामा नये. म्हणून ‘या व्यक्तीला क्षमता आहे का?’ हा प्रश्नच मुळात तोकडा आहे. ‘या एका निर्णयासाठी, एवढा आधार दिल्यावर, कळतंय का?’ असा तो हवा. समजावून झाल्यावर मी म्हणते, "मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. आता मी काय करणार आहे ते तुम्ही मला सांगा." परीक्षा माझी असते, त्यांची नाही, आणि ते तसं बोलून दाखवायचं. जिथे कायद्यानं पालकाची सही लागते तिथे ती घ्याच. पण पालकाचं ‘हो’ त्या व्यक्तीच्या ‘नाही’वर मात करू शकत नाही, मग ते ‘नाही’ शब्दांत असो की खुर्ची मागे सरकवून केलेलं असो. आणि संमती एकदाच सही करून संपत नाही. प्रत्येक भेटीत पुन्हा विचारायची.

नीतिसमितीला हे पटवताना एक अडचण हमखास येईल. संशोधकांना नीतिशास्त्राचं जे प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची असते, तिची भाषा पदवीधरालाही जड जाते. सवलत मागू नका, पर्याय मागा. तोच आशय नाटुकल्यांतून शिकवता येतो: मुलाखतीत कोणी रडलं तर काय करायचं, ओळखीचा माणूस समोर आला तर, ऐकलेलं घरी सांगायचं का. हा शेवटचा मुद्दा गांभीर्यानं घ्या. या व्यक्तींची वर्तुळं लहान असतात, मुलाखत देणारा सहसंशोधकाचा जुना वर्गमित्र निघतो. आणि ज्यांच्या स्वतःच्या आयुष्यात खाजगी असं काही राहू दिलेलं नसतं, त्यांना गोपनीयता समजावणं हा वेगळाच अनुभव आहे. आमच्या एका सहकाऱ्यानं विचारलं होतं, "म्हणजे माझं पण कोणी सांगायचं नाही?" त्यानंतर त्याच्या केस फाईलबद्दल मला बरीच उत्तरं द्यावी लागली.

विश्लेषणात ते काय करणार, असं तुमच्या मार्गदर्शकांनी विचारलंच असेल. मुलाखतीतली वाक्यं कार्डांवर मोठ्या अक्षरात लिहायची, वाचून दाखवायची, ‘हे कशासारखं आहे?’ विचारत ढीग करायचे, ढिगांना नावं द्यायची. विश्लेषणासाठी मी वाक्यांना दिलेल्या सांकेतिक शब्दांत ‘असहकार’ असं नोंदलेलं एक वाक्य आमच्या गटानं ‘घाबरला’ या ढिगात टाकलं. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलेली दुहेरी सहानुभावाची अडचण ती हीच: ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत एवढंच नसतं, इतरांनाही तो तितकाच कळत नसतो. तेव्हा पूर्वग्रह तुमच्या सहसंशोधकांकडे असतील, जरूर असतील. ते तुमच्याकडेही आहेत, फक्त तुमचे पाठ्यपुस्तकात छापलेले आहेत. दोन्ही समोरासमोर आले तर विश्वासार्हता वाढते. संख्याशास्त्राची समीकरणं मी कोणाकडून करवून घेत नाही. आमचे संख्याशास्त्रज्ञही मुलाखती घेत नाहीत, आणि त्यावरून त्यांना कोणी नामधारी म्हणत नाही.

एका ठिकाणी मात्र मी अजून अडखळते. समितीवर येतात ते बहुधा बोलके, चुणचुणीत, प्रवास करू शकणारे. ज्यांना तीव्र बौद्धिक अक्षमतेबरोबर हालचालीच्या, दृष्टीच्या, श्रवणाच्याही अडचणी आहेत, त्यांच्यातर्फे हे बोलके लोक बोलू शकतात का? थोडंफार. पण ‘आम्ही सगळ्यांना सामील केलं’ असं लिहू नये. अशा व्यक्तींबद्दल जवळच्या माणसांना विचारावं लागतं, आणि तिथे लक्षात ठेवायचं की दिसणाऱ्या गोष्टींत, म्हणजे किती वेळा दवाखान्यात नेलं वगैरे, जवळच्यांचं उत्तर बऱ्यापैकी जुळतं, पण दुखतं का, आवडतं का, यात फरक पडतो. ते उत्तर दुसऱ्यानं दिलेलं आहे असं तक्त्यात स्पष्ट दिसू द्या.

पैसे. समितीवरच्या इतर तज्ज्ञांना जो दर, तोच यांना. भेटवस्तू देऊन भागवू नका. मात्र देण्याआधी विचारा: उत्पन्नावर अवलंबून असलेला भत्ता कोणाला मिळत असेल, तर तुमच्या मानधनानं तो बंद पडू शकतो. हप्ते पाडून द्यायचे, की काही जणांना ते नकोच आहेत, हे त्यांनी ठरवायचं. अंदाजपत्रकात आधारव्यक्तीचं मानधन, प्रवास, सोपे कागद आणि चित्रं यांच्यासाठी वेगळी ओळ ठेवा. वेळापत्रक जे काढलं असेल ते दुप्पट धरा. आणि दोघांऐवजी निदान चौघांना घ्या. एकटा-दुकटा माणूस सगळ्या अपंगांचा प्रतिनिधी होऊन बसतो, तो दबाव कोणालाच झेपत नाही.

लेखात नाव घालायचं का? वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकत्वाचे चार निकष आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिणं किंवा चिकित्सकपणे तपासणं, अंतिम रूपाला मान्यता आणि, २०१३ पासून, जबाबदारी. वाचता न येणारा माणूस यात बसतो. मसुद्याचा प्रत्येक भाग सोप्या भाषेत वाचून दाखवा, त्यानं सुचवलेले बदल नोंदवा, शेवटचा मसुदाही तसाच ऐकवून होकार घ्या. नोंदी ठेवल्या असतील तर संपादकांना दाखवायला पुरावा असतो. खरं नाव की टोपणनाव, हेही विचारायचं. आपल्याला सवयीनं नावं लपवावीशी वाटतात. माझ्या बहुतेक सहसंशोधकांना नाव हवं होतं, ठळक अक्षरात, आणि एक प्रत घरी.

आणि शेवट कधी, ते सुरुवातीलाच सांगा. आमचा एक प्रकल्प संपला, निरोपाची बैठक झाली, छायाचित्रं काढली. पुढच्या महिन्यात नेहमीच्या वारी, नेहमीच्या वेळी आमचा एक सहकारी येऊन बंद खोलीबाहेर फाईल मांडीवर घेऊन बसलेला मला दिसला. ‘प्रकल्प पूर्ण झाला’ हे आम्ही सांगितलं होतं. ‘म्हणजे आता यायचं नाही’ हे सांगायचं राहिलं होतं. आता पहिल्या दिवशीच प्रत्येकाला एक कॅलेंडर देतो. सगळ्या बैठकांवर गोल, शेवटच्या बैठकीवर लाल गोल, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी आणखी एक हिरवा: त्या दिवशी काम नसतं, फक्त भेटायचं असतं.